मावशींच्या तुराट्या

खोली बघायला गेले तेव्हा मावशींनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच. मला ओसरीवर बसवलं, माझ्या वेणीचं टोक सोडलं, तांब्यात बोटं बुडवून एक बट ओली केली आणि आपल्या बोटाभोवती गुंडाळून मोठ्यानं आकडे म्हणायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. माझे वडील, बापू, शेजारी माझी पत्र्याची पेटी घेऊन उभे. त्यांना वाटलं, बाई काही मंतरून राहिली. शंभरावर मावशींनी बोट काढून घेतलं. बट तशीच वळलेली राहिली, थोडी हलली, मग हळूहळू सरळ झाली.

"कापूस हाय," त्या म्हणाल्या. "धरतो, पण टिकत न्हाई. चालतंय. आणा सामान आत."

"भाड्याचं कसं म्हणायचं?" बापूंनी विचारलं.

"ते व्हईल नंतर. आधी पोरीला सांगा, रविवारी दुपारी कुठं जायचं न्हाई. रविवारी केस असतात."

डी.एड.साठी मी हिंगोलीत दोन वर्षं राहिले. ती दोन वर्षं त्या घरात माझं नाव कापूस होतं. माझ्याबरोबर खोलीत आखाडा बाळापूरची एक मुलगी होती. तिचे केस जाड, काळेभोर आणि दोरीसारखे सरळ. तिची बट बोटावरून काढली की शंभर काय, पाचशे म्हटले तरी फटकन ताठ. तिचं नाव तार. गल्लीतल्या बायकांनाही मावशी अशाच ओळखायच्या. दूधवाल्याची बायको म्हणजे गवत. समोरच्या शिक्षकाची सून म्हणजे शेवाया. त्यांची खरी नावं मला शेवटपर्यंत कळली नाहीत.

मावशी साठीच्या असतील. काळ्या, काटकुळ्या, कपाळ कोरं, अंगावर फिक्या रंगाचं सुती पातळ, आणि डोक्यावर पांढऱ्या-काळ्या केसांच्या अशा लाटा की बाजारात भाजीवाल्या वजन करायच्या थांबायच्या. घरात बुद्धाची तसबीर होती, कॅलेंडर होतं, आरसा मात्र नव्हता. "आरशात बघायला लागलं की हात थांबतो," म्हणायच्या. त्यांचे केस त्या बोटांनी चाचपून बघायच्या, आणि आमचेही.

त्यांचं सगळं सामान शेतातलं. तुरी निघाल्या की सेनगावकडच्या ओळखीच्या माणसाकडून त्या तुराट्यांचा भारा मागवायच्या. लोक तुराट्या चुलीत घालतात. मावशी त्यातल्या सरळ, बिनगाठीच्या निवडायच्या, बोटभर तुकडे कापायच्या, साल काढून विटेवर गुळगुळीत घासायच्या आणि कडूलिंबाच्या पाल्यात उकळून वाळवायच्या. करंगळीएवढी काडी बारीक कुरळ्यांसाठी, अंगठ्याएवढी मोठ्या वळणासाठी. दुसरी वस्तू जवस. जवस पाण्यात उकळून फडक्यातून गाळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट खळ निघते. ती केसाला लावायची, बट काडीवर गुंडाळायची, चिंधीनं बांधायची आणि पाठ उन्हाला करून बसायचं. खळ वाळली की काड्या काढायच्या. बस, इतकंच.

"आपल्याकडं दुसरं काय न्हाई, पण ऊन हाय ना? मग त्याला शिव्या काहून देता? कामाला लावा त्याला."

पण काड्यांचे कुरळे त्यांच्या लेखी पोरखेळ. खरी कला लाटांची. लाटा काडीशिवाय काढायच्या, ओल्या केसात नुसती बोटं आणि कंगवा चालवून. त्याला त्या 'पाणी काढणं' म्हणायच्या. मी पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा माझ्या हातून तारेच्या डोक्यावर नांगरल्यासारखं झालं. मावशींनी बघितलं आणि विचारलं, "सिद्धेश्वरचं धरण पाहिलं का कधी?"

"न्हाई."

"मग केसाला हात काहून लावून राहिली?"

पुढच्या रविवारी सकाळी आम्हा दोघींना एसटीत बसवून त्या धरणावर घेऊन गेल्या. देवदर्शन नाही, डबा नाही. काठावर उभं केलं आणि वारा सुटायची वाट बघत बसल्या. तासाभरानं वारा आला. "बघा आता. एक लाट दुसरीच्या अंगावर जाते का? न्हाई जात. दोघींमधी जागा हाय. ती जागा काढायची, लाट आपोआप निघते." मासे धरणारा एक माणूस जाळं आवरून आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, कुणाचं काही पाण्यात पडलं. "काय हरवलं का?" त्यानं विचारलं. मावशी म्हणाल्या, "सापडलं," आणि आम्हाला घेऊन परत एसटीत बसल्या.

हे वेड त्यांना दवाखान्यात लागलं. त्या तिथं बायकांच्या वॉर्डात आया होत्या. आठ-आठ दिवस पडून राहिलेल्या बायकांच्या डोक्याचा गुंता व्हायचा. मावशी काम आटोपलं की तो सोडवत बसायच्या, आणि सोडवलेल्या केसांना बँडेजच्या उरलेल्या पट्ट्यांवर गुंडाळून वळण द्यायच्या. डॉक्टर रागवायचे. "आता बाई बरी व्हायला आली, तर तिला बरी दिसू द्या की साहेब," असं त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं. पुढं डॉक्टरीणबाईच आपल्या बहिणीला त्यांच्याकडे घेऊन आल्या, हे मावशी फार खुशीनं सांगायच्या.

मावशींचे मालक एसटीत मेकॅनिक होते. ते वारले तेव्हा मावशी पन्नाशीच्या आत होत्या. पंधरा दिवस झाले आणि त्यांनी पातेल्यात जवस उकळायला ठेवला. जाऊबाई धावत आल्या.

"आता कुणासाठी?"

"आदीबी माझ्यासाठीच होतं," मावशी म्हणाल्या. "मालक गेले. डोकं माझंच हाय."

आणि डोक्यात चोवीस काड्या बांधून त्या रस्त्याकडच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. मालकांच्या आठवणीनं त्या रडायच्या, आमच्यासमोरही रडायच्या. पण त्या दिवशी केसाला हात लावायच्या नाहीत. "रडणाऱ्याच्या डोक्यात केस धरत न्हाई," हा त्यांचा नियम होता. परीक्षेत मी एका विषयात नापास झाले त्या रविवारी मला चहा दिला, शेंगदाण्याचा लाडू दिला, पण काडी लावली नाही.

माझी आई तांड्यावरून मला भेटायला आली तेव्हा मी घाबरले होते. आईच्या कानांशी केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या, अंगावर आरशांची काचोळी, आणि इथं तिच्या लेकीच्या डोक्यात सरपण. आई जीपमधून उतरली, ओसरीवर आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी काही बोलायच्या आत मावशी तिच्या घुगऱ्यांवर झुकल्या.

"हे केसातच गुंफलंय? गाठ कुठं हाय याची?"

आईनं मान वळवून गाठ दाखवली. मग ती खालीच बसली. दुपारभर मावशी तिची गुंफण शिकत होत्या आणि आई जवसाच्या खळीत बोटं बुडवून बघत होती. जाताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "या बाईच्या हाताला डोळे हायेत. हिचं घर सोडू नको."

एकच डोकं मावशींना वश झालं नाही, तारेचं. दोन वर्षं, दर रविवारी. मावशी तिला शिकेकाईनं न्हाऊ घालायच्या, खळ दाट करायच्या, काड्या बदलायच्या. काड्या काढल्या की केस तासाभरात सरळ. मावशी खिन्न व्हायच्या, तार हसायची. "राहू द्या मावशी, माझे हट्टी हायेत." पण एकदा तीच म्हणाली, "माझ्या लग्नात मात्र तुमीच करायचे. आले तर आले."

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपता संपता तिचं लग्न ठरलं. हिंगोलीतच एका शाळेच्या मैदानावर सामुदायिक विवाह होता, अकरा जोडप्यांचा. लग्न लावणाऱ्या मंडळींनी सगळ्या नवऱ्यामुलींच्या केसांसाठी पार्लरवाली ठरवली होती. पार्लर नवीनच निघालेलं. ती मुलगी नांदेडला शिकून आली होती आणि तिच्याकडे केस कुरळे करायचं विजेवरचं मशीन होतं. तारेनं घरी सांगितलं, माझे मावशीच करतील. तेव्हा तिची आत्या बाळापूरहून आमच्या खोलीवर आली.

आत्या वाईट बाई नव्हती. मावशींच्याच वयाची, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. तिनं चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि सरळ मावशींना म्हणाली, "तुमी वाईट वाटून घेऊ नका. नवरीच्या डोक्याला सवाष्णीचाच हात लागावा. मीबी तुमच्यासारखीच हाय. मी सोता हळदीला मागं उभी राहणार हाय. लेकराचं बरं व्हावं, एवढंच."

तार उठून उभी राहिली. मावशींनी तिला हातानंच खाली बसवलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

आत्या गेल्यावर त्यांनी काड्यांची टोपली अंगणात ओतली आणि एकेक काडी धुवायला घेतली. काड्या स्वच्छच होत्या. त्या रविवारी आमच्या घरात पहिल्यांदाच केस झाले नाहीत.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून शाळेत तारेजवळ होते. मे महिना, डोक्यावर आग. लग्न संध्याकाळी सहाला. ते दिवस लोडशेडिंगचे. लाइट दुपारी एकला येईल असं पार्लरवालीनं आधीच विचारून ठेवलं होतं. एकला लाइट आला. मशीन गरम झालं, पहिल्या नवरीची पहिली बट मशीनमध्ये गेली आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर मोठा आवाज झाला. डीपी जळाली. जनरेटर होता, पण तो मांडवातल्या स्पीकरचा. स्पीकरवाल्यानं हातच जोडले. "ताई, हे मशीन लावलं तर स्पीकर बंद पडतो. मंगलाष्टकं काय तोंडानं ओरडता का?"

पार्लरवाली वीस-बावीस वर्षांची पोरगी. ती घामानं डबडबलेली, गार पडलेलं मशीन हातात घेऊन उभी. "मला हातानं येत न्हाई हो. मी मशीनवरच शिकले." इकडं अकरा नवऱ्या केस सोडून बसलेल्या, त्यांच्या आया, मावश्या, करवल्या, सगळ्यांचा एकच कालवा. एक नवरी रडायला लागली, तिचं बघून दुसरी. तार माझ्याकडे बघत होती. तिनं नुसती मान हलवली. मी चप्पल घातली आणि पळाले.

मावशी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"त्या आत्यानं बोलवलं का?"

"न्हाई."

"मग कुणी?"

"तारेनं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "ती रडून राहिली का?"

"ती न्हाई. बाकीच्या रडून राहिल्या."

"मग त्यांना आधी गप करावं लागंल," म्हणत त्या उठल्या. जवसाचा डबा, मोठं पातेलं, काड्यांची टोपली, चिंध्यांचं गाठोडं. रस्त्यानं त्या माझ्यापुढं चालत होत्या, आणि पळत आलेली मी त्यांना गाठू शकत नव्हते.

नवऱ्या बसल्या होत्या त्या वर्गाच्या दारात आत्या उभी होती. मावशींना बघून ती बाजूला झाली नाही. दोघी समोरासमोर. कालवा हळूहळू थांबला. आत्या म्हणाली, "मी तुमाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "मी आले."

मावशींनी टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात आतून तारेचा आवाज आला. मोठा नव्हता.

"आत्या, सरका. माझं डोकं हाय."

आत्या सरकली.

त्यानंतर जे झालं ते हिंगोलीत तोवर कुणी बघितलं नसेल. मावशींनी अकराही नवऱ्यांना शाळेच्या मागच्या भिंतीशी ओळीनं बसवलं. तोंड भिंतीकडं, पाठ उन्हाला. "रडायचं ज्यांना, त्यांनी आत्ता रडून घ्या. पाच मिनिटं." दोन पोरी हसायला लागल्या आणि रडणं संपलं. स्वयंपाक्याच्या चुलीवर जवस चढला. टोपलीतल्या काड्या पाच डोक्यांनाच पुरल्या. मावशींनी इकडंतिकडं बघितलं. शाळेच्या मागं कुणाच्या तरी घराला भिंतीऐवजी तुराट्यांचा कूड होता.

"त्या घरच्याला इचारा आणि उपसा."

मग पांढरे फेटे बांधलेले वरबाप, मामे, चुलते विटा घेऊन सावलीत बसले आणि काड्या घासायला लागले. एका नवरदेवाचे वडील गावचे पोलीस पाटील होते. त्यांची काडी मावशींनी बोटानं चाचपून परत दिली. "खरखरीत हाय. पुन्हा घासा." पाटलांनी पुन्हा घासली.

पार्लरवाली कोपऱ्यात उभी होती. मावशींनी तिला हाक मारली. "ए पोरी, तुझा हात बारीक हाय. ये. बट अशी ताण, अशी गुंडाळ, मुळापाशी सोड. जमतंय की!" दहा मिनिटांत ती माझ्यापेक्षा भरभर गुंडाळायला लागली. चार वाजता पहिल्या नवरीच्या काड्या काढल्या. खांद्यावर घोळदार कुरळे सुटले आणि तिची आई मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाली. मग एकेक करत सगळ्यांचे. मावशी कुणालाही आरसा बघू देत नव्हत्या. "आईकडं बघ. आईच्या तोंडावर दिसतंय का न्हाई बराबर?"

तार त्यांनी शेवटी ठेवली. काड्या घेतल्याच नाहीत. नुसती बोटं, कंगवा आणि खळ. पहिली लाट काढली, बोटांनी दाबून धरली, सोडली. लाट तिथंच. दुसरी काढली. तीही तिथंच. मावशींचे हात थांबले. त्यांनी तारेच्या केसांना नाक लावून वास घेतला.

"आज न्हाली न्हाईस?"

"पाणीच नव्हतं, मावशी. सकाळी बाळापूरहून टेंपोत आलो. सगळी धूळ डोक्यात हाय."

मावशी अशा हसल्या की पोलीस पाटलांनी मान वर केली. "दोन वर्षं हिला शिकेकाईनं घासून काढली मी! केस हट्टी न्हाईत गं, मी हट्टी. धुतलेले केस नुसते निसटून जात होते. दोन वर्षं चुकले!" हे त्या मोठमोठ्यानं सगळ्यांना सांगत सुटल्या, जसं काही बक्षीस मिळालं. आणि तारेच्या काळ्याभोर डोक्यावर लाटा निघत गेल्या, एकीच्या अंगावर दुसरी न जाता, कपाळापासून थेट मानेपर्यंत. तार उठून उभी राहिली तेव्हा तिची आई तिला हातही लावेना.

साडेपाचला नवऱ्या मांडवाकडं गेल्या. मागं पसारा उरला, आणि गाठोड्यांवर लक्ष ठेवायला आत्या. ती भिंतीला टेकून उभी होती. मी काड्या वेचत होते. मावशींनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"खळ उरली," त्या म्हणाल्या. "बसा."

"कोण? मी?" आत्या दचकली. "मी काय नवरी हाय का?"

"नवऱ्या झाल्या. आता तुमी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. केस खाली पडतात का त्यानं?"

आत्या हलली नाही. मग म्हणाली, "मालक गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी हात लावला न्हाई. मीच कसंबसं इंचरते आन् पदर घेते." हे बोलताना तिचा आवाज फाटला. मी मावशींकडे बघितलं. त्यांचा नियम मला माहीत होता. मावशींनी तिचं तोंड आपल्या पदरानं पुसलं, थांबल्या, पुन्हा पुसलं. मग तिचा पदर डोक्यावरून खाली घेतला. आत्यानं तो धरला नाही.

केस पातळ होते, जवळजवळ सगळे पांढरे. मावशींनी बोटं खळीत बुडवली. स्पीकरवर नवरदेवांची नावं पुकारणं चालू झालं तेव्हा शेवटची लाट कानामागं बसली होती.

आम्ही तिघी मांडवात शिरलो. बायकांची गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. काही जणी आत्याकडं बघत होत्या, काही मावशींकडं. एकजण म्हणाली, "ही बाळापूरची का? ओळखूच येईना." व्हिडिओवाल्यानं अकरा जोडप्यांवरचा कॅमेरा वळवून या दोन म्हाताऱ्यांवर धरला. आत्यानं पदर डोक्यावर घ्यायला हात वर नेला आणि अर्ध्यातून खाली आणला.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी मागच्या रांगेत थांबायला निघाले, कारण आत्या तिथं थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. कुणाला विचारलं नाही, मागं बघितलं नाही. मूठभर अक्षता घेऊन ती सरळ पुढं गेली आणि तारेच्या डोक्यावर सगळ्यांच्या आधी तिनंच टाकल्या. मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला, टाळ्या झाल्या, तार वाकली आणि आत्याच्या गळ्यात पडली.

मावशींनी माझा दंड घट्ट धरला. त्यांच्या बोटांना अजून खळ होती.

"कापूस, बघ," त्या म्हणाल्या. "दोघींचा एक केस हालला न्हाई."